‘हो’ची लांबी तीन

दुपारी चारच्या सुमारास फोन आला. माण तालुक्यातल्या एका वस्तीवरून. पाण्याच्या सर्वेक्षणासाठी घरोघर जाऊन फॉर्म भरणाऱ्या बायकांपैकी एक ताई बोलत होत्या आणि त्यांचा आवाज चढलेला होता.

“दादा, आमच्या वस्तीत एकसष्ट घरं. तुमच्या कागदावर नऊच घरांत नळ दाखवलेत. बाकीचे कुठं गेले?”

“ताई, फॉर्ममध्ये जे आलंय तेच छापलंय.”

“फॉर्म मी भरलेत. एकेका दारात उभं राहून भरलेत. झेरॉक्स आहेत माझ्याकडं. पाठवू?”

पाच मिनिटांत व्हॉट्सअॅपवर फोटो यायला लागले. निळ्या बॉलपेनचं ठसठशीत अक्षर. प्रश्न ७, घरात नळ आहे का? पुढे: हो. दुसरा फॉर्म: हो. तिसरा: हो. मी लॅपटॉप उघडून मूळ एक्सेल काढली. तिथंही ‘हो’च होतं. कागदावर हो, एक्सेलमध्ये हो, आणि माझ्या प्रोग्रॅमनं काढलेल्या यादीत त्याच घरापुढे ‘नाही’.

प्रोग्रॅम मी लिहिला होता, एका छोट्या संस्थेसाठी, सुट्टीच्या दिवशी बसून. त्यातली या कामाची ओळ एकच होती. उत्तर ‘हो’ असेल तर खरं, नाहीतर खोटं. इतकी साधी ओळ की ती तपासावी असंही मनात आलं नव्हतं.

एक्सेलमधला एक ‘हो’ उचलून मी पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेला त्याची लांबी विचारली. उत्तर आलं ३. मग माझ्या कीबोर्डवर ‘हो’ टाइप केलं आणि त्याची लांबी विचारली. २.

दोन्ही पडद्यावर एकाखाली एक होते आणि डोळ्यांना काडीचाही फरक दिसत नव्हता. मग एकेक खूण सुटी करून पाहिली. माझ्या ‘हो’मध्ये ह आणि ओकार, अशा दोन खुणा. एक्सेलमधल्या ‘हो’मध्ये ह, मग काना, मग मात्रा, अशा तीन. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या खुणांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ओकार ही स्वतंत्र खूण आहे, तिला तिचा वेगळा क्रमांक आहे. काना आणि मात्रा शेजारी ठेवले की बहुतेक फॉन्ट ते ओकारासारखेच काढतात, पण संगणकाच्या लेखी तो ओकार होत नाही.

वस्तीवरचे कागद तालुक्याच्या गावी एका डीटीपीच्या दुकानात टाइप झाले होते. दुकानदार अनेक वर्षं जुन्या फॉन्टवर काम केलेला माणूस. तिथं काना वेगळ्या कळीवर आणि मात्रा वेगळ्या कळीवर. बोटांना लागलेलं वळण जात नाही. आणि त्याचं चुकलं तरी काय? ‘ह ला काना-मात्रा हो’ हे आपण सगळे पहिलीत घोकलेलं आहे. त्यानं शाळेत शिकवलं तसं लिहिलं होतं. उरलेले नऊ फॉर्म संस्थेतल्या एका मुलीनं तिच्या फोनवरून टाइप केले होते, म्हणून तेवढे नऊ नळ वाचले.

सारख्या दिसणाऱ्या मांडण्या एकरूप करायचे युनिकोडचे ठरलेले नियम आहेत. र खाली नुक्ता, म्हणजे टिंब, दिला तर त्या नियमांनी तो आपल्या ‘ऱ’ या खुणेत बदलतो. बंगालीचा ओकार दोन तुकड्यांत लिहिला तरी हे नियम तो जोडून देतात. देवनागरीच्या काना-मात्रेला मात्र ते हात लावत नाहीत. ते जोडणं आपलं आपणच करावं लागतं, आणि ते करायला आधी माहीत असावं लागतं. मला माहीत नव्हतं. मराठीत शिकलेला, पोटापाण्यासाठी प्रोग्रॅमिंग करणारा माणूस मी, आणि मराठीतलं ‘हो’ कसं कसं लिहिलं जातं हे मी कधी पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे प्रश्न ७ ची सगळी उत्तरं, तालुकाभरची, वेगवेगळी काढून एकाखाली एक मांडली. हो. होय. तीन खुणांचा हो. ‘हो ’, म्हणजे पुढे रिकामी जागा सुटलेला. व्हय. हाय. आहे. आहे की. इंग्रजी अक्षरांतलं येस. इंग्रजीच वाय. १, आणि इंग्रजी आकड्यातला १. बरोबरची खूण. नाही, नाय, न्हाई, नाहि. एक आडवी रेघ. रिकामं. आणि मग वाक्यं. ‘आहे पण पाणी येत नाही.’ ‘होता.’ ‘होणार आहे.’ ‘नाही हो.’ ‘नाही म्हणायला आहे एक.’

शेवटच्या दोन उत्तरांपाशी मी बराच वेळ थांबलो, कारण तेवढ्यात मी दुसरी चूक करून बसलो होतो. घाईघाईत ओळ बदलली होती: उत्तरात कुठंही ‘हो’ सापडलं तर खरं. झालं, ‘नाही हो’ खरं ठरलं. ‘होता’ खरं ठरलं. ‘होणार आहे’ म्हणजे अजून खड्डासुद्धा खणलेला नाही, तेही खरं. मग उलटं करून पाहिलं, ‘नाही’नं सुरू होतं ते खोटं. तर ‘नाही म्हणायला आहे एक’ खोटं ठरलं. तिथं नळ आहे. कसाबसा का असेना, आहे. आपल्या भाषेत ‘नाही’ म्हणत ‘आहे’ सांगता येतं आणि समोरच्याला आदरानं ‘हो’ जोडून नकार देता येतो. माझी आजी डब्यातले तांदूळ संपले तर ‘तांदूळ वाढले’ म्हणायची आणि घराबाहेर पडताना ‘येते’ म्हणायची. घरातल्या एकालाही त्याचा अर्थ कधी विचारावा लागला नाही.

अक्षरांच्या स्ट्रिंगमधून, म्हणजे एकापुढे एक ठेवलेल्या खुणांच्या माळेतून, खरं किंवा खोटं काढणं हे प्रोग्रॅमिंगमधलं अगदी पहिल्या पायरीचं काम समजलं जातं. नवशिक्या मुलांना ते अर्ध्या तासात शिकवून पुढे जातात. मीही कितीतरी जणांना तसंच शिकवलंय. त्या फोननंतर मी प्रोग्रॅमिंगच्या वेगवेगळ्या भाषा हे काम कसं करतात ते नीट बसून वाचलं, आणि आता मला ते तसं वाटत नाही. प्रत्येक भाषेनं इथं एक बाजू घेतलेली आहे.

पायथॉनला ‘फॉल्स’ हा इंग्रजी शब्द अवतरणचिन्हांत घालून दिला आणि याचा बूलियन, म्हणजे खरं किंवा खोटं, कर म्हटलं, तर तो ‘ट्रू’ असं उत्तर देतो. पहिल्यांदा पाहणारा माणूस हबकतो. पायथॉन शब्दाचा अर्थ पाहतच नाही, तो एवढंच पाहतो की स्ट्रिंग रिकामी आहे की भरलेली. पत्र उघडून वाचायचं नाही, पाकिटात कागद आहे का तेवढं चाचपायचं. भरलेलं असेल तर खरं. जावास्क्रिप्टचंही तसंच, तिथं शून्य हा आकडा खोटा पण अवतरणचिन्हांतलं शून्य खरं. पीएचपी आणि पर्लमध्ये अवतरणचिन्हांतलं शून्यही खोटं, पण तिथंच दोन शून्यं एकापुढे एक लिहिली की पुन्हा खरं. रूबीमध्ये तर रिकामी स्ट्रिंगसुद्धा खरी. यातली कुठलीच भाषा चुकलेली नाही, प्रत्येकीनं आपला नियम लिहून ठेवलाय. पण प्रश्न ‘रिकामं आहे का’ हा आहे की ‘काय म्हणतोय’ हा आहे, यातला फरक लिहिणाऱ्याच्या लक्षात राहत नाही.

आणि तो राहिला नाही की काय होतं याचं एक उदाहरण वेबसाइट बनवणाऱ्या पुष्कळांनी पाहिलेलं असेल. सर्व्हरवरच्या सेटिंग्ज बहुतेक वेळा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे प्रोग्रॅमच्या बाहेर नाव देऊन लिहून ठेवलेल्या किमतींतून, येतात, आणि तिथून जे येतं ती कायम स्ट्रिंगच असते. जँगो या पायथॉनमधल्या वेबसाइट बनवायच्या संचात डीबग नावाची सेटिंग आहे. ती चालू असली की चूक घडल्यावर पानावर आतला कोड, फाइलींचे पत्ते, बऱ्याच सेटिंग्ज असं सगळं दिसतं. काम करणाऱ्याला सोयीचं, पण लोकांसाठी खुल्या साइटवर ती बंदच हवी. माणूस प्रामाणिकपणे तिथं ‘फॉल्स’ लिहितो. प्रोग्रॅम ती स्ट्रिंग तशीच उचलतो, ती भरलेली असते, म्हणून खरी ठरते आणि डीबग चालू राहतं. बंद करा म्हणून स्पष्ट लिहून दिलेलं असताना चालू. याचा मला आजही त्रास होतो, कारण लिहिणाऱ्यानं आपलं काम नीट केलेलं असतं.

जावाची रीत वेगळी. तिथल्या पार्सबूलियन या फंक्शनला ‘ट्रू’ हा शब्द लहानमोठ्या कुठल्याही अक्षरांत चालतो. बाकी काहीही दिलं तरी खोटं. ‘येस’ खोटं, ‘१’ खोटं, ‘ट्रू’मधलं एक अक्षर चुकलं तरी खोटं. कुठलीही तक्रार न करता. माझी ओळ नेमकी हीच होती, फक्त मराठीत. या रीतीत बावन्न घरांची उत्तरं नाहीशी होतात आणि पडद्यावर लाल अक्षर उमटत नाही. ताईंनी झेरॉक्स जपून ठेवल्या नसत्या तर मला कळलंही नसतं.

रस्टमध्ये ‘ट्रू’ आणि ‘फॉल्स’, तेही लहान लिपीत, एवढे दोनच शब्द चालतात. गो थोडी सैल आहे, तिला एक, शून्य, टी, एफ अशी बारा रूपं चालतात. पण या दोन्ही भाषा यादीबाहेरचं काही आलं की थांबतात आणि मला हे कळलं नाही असं सांगतात. पूर्वी मला असल्या भाषा उगीच अडून बसणाऱ्या वाटायच्या. आता वाटतं की समोरच्याच्या शब्दाचा मान राखायचा तर न कळलेलं न कळलं म्हणून सांगायलाच हवं.

पायथॉनमध्येही अशी थांबणारी एक सोय होती. डिस्टयुटिल्स नावाच्या जुन्या संचात स्ट्रटूबूल नावाचं छोटं फंक्शन होतं. वाय, येस, टी, ट्रू, ऑन आणि एक हे होकाराचे सहा. एन, नो, एफ, फॉल्स, ऑफ आणि शून्य हे नकाराचे सहा. बाकी सगळ्याला चूक म्हणून परत. मूळ संच पॅकेज बांधण्यासाठीचा, हे फंक्शन त्याच्या एका कोपऱ्यात पडलेलं, पण हाताशी होतं म्हणून भलत्याच कामांसाठी लोकांनी ते वापरलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये पायथॉन ३.१२ आलं, त्यात तो संचच काढून टाकला. मग ज्यानं त्यानं त्या दहा-बारा ओळी आपल्या प्रोजेक्टमध्ये उतरवून घेतल्या. मीही घेतल्या आणि त्यात हो, होय, व्हय घातले. देवनागरी १ मात्र वेगळा घालावा लागला. पायथॉनला ‘१’चा आकडा कर म्हटलं तर तो बिनतक्रार करून देतो, देवनागरी अंक त्याला येतात. पण ‘१’ आणि इंग्रजी एक या दोन स्ट्रिंग सारख्या आहेत का विचारलं, तर नाहीत म्हणतो. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत.

नॉर्वेची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. यॅमल म्हणून सेटिंग्ज लिहायची एक पद्धत आहे, माणसाला सहज वाचता यावी म्हणून केलेली. तिच्या १.१ या आवृत्तीत येस, नो, ऑन, ऑफ हे शब्द अवतरणचिन्हांशिवाय लिहिले की ते आपोआप खरे-खोटे होतात. हेतू चांगलाच होता, माणसं असंच बोलतात. आता देशांची यादी करा. देशांना दोन अक्षरी ठरलेले कोड असतात, भारताचा आयएन, जर्मनीचा डीई. नॉर्वेचा कोड एन आणि ओ, म्हणजे ‘नो’. यादी वाचून घेतली की भारत, जर्मनी, आणि त्यांच्या ओळीत नॉर्वेच्या जागी ‘खोटं’. एक अख्खा देश नकार होऊन बसतो, कारण वाचणाऱ्यानं विचारलंच नाही की बाबा रे, हे तू उत्तर म्हणून लिहिलंयस की नाव म्हणून? २००९ मध्ये १.२ आवृत्ती आली आणि हे शब्द वगळले गेले, ट्रू आणि फॉल्स तेवढे राहिले. पण पायथॉनमध्ये यॅमल वाचायला सर्रास वापरलं जाणारं पायवायएएमएल आजही जुन्याच नियमांनी वाचतं. त्यामुळे तिथं नॉर्वे लिहायचा तर अवतरणचिन्हांत लिहावा लागतो.

जॉर्ज बूलच्या नावावरून बूलियन हा शब्द आला. त्याचा मोठा ग्रंथ १८५४ चा. विधानांवर बीजगणितासारखं गणित करता येतं, त्यात १ आणि ० एवढे दोनच आकडे पुरतात, असं त्यानं मांडलं. त्या गणिताला हात लावण्याआधी विधान ठरलेलं असावं लागतं. ‘घरात नळ आहे’ हे तसं विधान आहे का? मी ते गृहीत धरलं होतं. ‘आहे पण पाणी येत नाही’ असं उत्तर देणाऱ्या बाईनं धरलं नव्हतं. तिला विचारणारा माणूस पाण्यासाठी आलाय हे ती जाणून होती, म्हणून तिनं नळाचं आणि पाण्याचं अशी दोन्ही उत्तरं दिली. असून अडचण नसून खोळंबा अशा त्या नळाला मी १ देऊ की ०?

डेटाबेसमध्ये यासाठी तिसरी जागा असते, नल. खरं नाही, खोटंही नाही, माहीत नाही. ती जागा वापरायला लागल्यावर आणखी एक गोष्ट शिकावी लागली. ‘नळ आहे’ अशी घरं मोजली, मग ‘नळ नाही’ अशी घरं मोजली, आणि बेरीज केली तर ती एकूण घरांएवढी येत नाही. नलच्या ओळी दोन्ही प्रश्नांतून निसटतात, कारण माहीत नसलेल्याशी केलेल्या तुलनेचं उत्तरही ‘माहीत नाही’ असंच येतं. संस्थेतल्या एका सरांना ही तफावत दाखवली तर ते म्हणाले, मग राहिलेली ‘नाही’त टाका, अहवाल नीट दिसेल. मी नाही टाकली. अहवालात तिसरा रकाना ठेवला, ‘विचारायचं आहे’ या नावानं. त्यावर थोडी हो-नाही झाली, पण तो राहिला.

आता माझा प्रोग्रॅम असा चालतो. उत्तर आलं की आधी दोन्ही बाजूंच्या रिकाम्या जागा काढायच्या. मग न दिसणाऱ्या जोडखुणा काढायच्या. झिरो विड्थ जॉइनर नावाची खूण नेहमीच्या साफसफाईत निघत नाही, कारण ती रिकामी जागा म्हणून धरलीच जात नाही. मग काना-मात्रा दिसले की त्यांचा ओकार करायचा, काना आणि दोन मात्रा दिसल्या की औकार. मग होकाराच्या यादीत पाहायचं, नकाराच्या यादीत पाहायचं, तेही पूर्ण शब्द जुळला तरच. नाही सापडलं तर त्याचं काहीही करायचं नाही. मूळ शब्द जसाच्या तसा, घराच्या क्रमांकासह, बाजूला काढून ठेवायचा. हे सगळं एकाच ठिकाणी, उंबऱ्यावर. एकदा आत आलं की ते खरं, खोटं किंवा विचारायचं आहे, यापलीकडे काही नसतं, आणि आत कुठंही पुन्हा कुणी शब्दाकडे बघून अंदाज बांधत नाही.

बाजूला काढलेली उत्तरं तालुकाभरातून सत्तेचाळीस निघाली. ती मी रविवारी सकाळी फोनवर एकेक करून वाचून दाखवली, ज्यांनी फॉर्म भरले होते त्यांना. बहुतेक दोन मिनिटांत सुटली. आडवी रेघ म्हणजे घराला कुलूप. ‘होता’ म्हणजे रस्ता रुंद झाला तेव्हा पाइप तुटला, तो पुन्हा जोडलाच नाही. ताईंच्या वस्तीतलं एकच राहिलं होतं. ‘आहे, शेजारचा.’

“हे काय लिहू, ताई?”

त्या क्षणभर गप्प राहिल्या. “त्यांना हो म्हणायचं होतं. म्हातारी एकटीच असते. नळ शेजाऱ्यांच्या अंगणात, पण ती म्हणते आमचा. मी खोडून ‘नाही’ लिहिणार होते, तर म्हणाली, असं नको लिहू, त्यांना वाईट वाटंल.”

“मग?”

“थांबा. संध्याकाळी जाऊन येते.”

साडेसातला मेसेज आला. सोबत फोटो होता, अंगणातल्या कट्ट्यावर एक पितळी कळशी आणि दोन प्लॅस्टिकचे हंडे. खाली लिहिलं होतं: ‘दादा, नाही लिहा. पण पाणी भरू देतात ते पण कुठंतरी लिहा. दोन कळश्या, सकाळी.’

पुढच्या फेरीच्या फॉर्ममध्ये प्रश्न ७ खाली दोन ओळी वाढवल्या. नळ कुणाच्या दारात? काल पाणी किती वेळ आलं? पुढे चौकोन दिलेले नाहीत, लिहायला मोकळी जागा सोडली आहे.